ऑफिससाठी एलईडी दिवे कसे निवडावेत: आधी लुमेनचा हिशेब

‘ट्यूब काढा, एलईडी लावा, बिल निम्मं’ असं सांगणारे बहुतेक जण हॉलची लांबी-रुंदीसुद्धा मोजत नाहीत. मग टेबलावर उजेड कमी पडतो, जो तो टेबल लॅम्प आणतो आणि वाचलेली वीज तिथेच जाते.

जागा मोजा, आणि किती वीज वाचेल हे कळावं म्हणून जुने दिवे मोजा. 36 वॅटची ट्यूब तांब्याच्या चोकसकट 50 वॅटच्या आसपास खाते, तेवढी धरा.

आता खरं काम. वॅट म्हणजे जळणारी वीज. दिव्यातून निघणारा उजेड लुमेनमध्ये मोजतात आणि टेबलावर पडणारा लक्समध्ये. लिहिण्या-वाचण्याच्या ऑफिसात 300 लक्सच्या खाली जाऊ नका. पॅसेजला 100 पुरतात. 10 बाय 6 मीटरचा हॉल घ्या. एक लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर एक लुमेन, म्हणून 60 चौरस मीटर गुणिले 300, म्हणजे 18,000 लुमेन. बरेच जण इथेच थांबतात आणि फसतात! हे 18,000 टेबलापर्यंत पोचायला हवेत. वाटेत भिंती आणि छत उजेड गिळतात, पुढे धूळ बसते, दिवाही मंदावतो. पांढऱ्या भिंती आणि नेहमीची उंची असेल तर मी पहिल्या घटीसाठी 0.6 आणि दुसरीसाठी 0.8 धरतो. गुणाकार 0.48. त्याने 18,000 ला भागलं की 37,500 लुमेन येतात. 36 वॅटचा, 3,600 लुमेनचा, दोन बाय दोन फुटांचा पॅनल घेतला तर जवळपास साडेदहा नग. ओळी सारख्या बसाव्यात म्हणून 12 लावा. एकूण 432 वॅट. भिंतींना गडद लाकूड असेल तर 0.6 धरूच नका, 0.5 वर या.

खोक्यावर लुमेन छापलेले नसतील तर तो दिवा घेऊ नका. वॅटमागे किमान 100 लुमेन, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेचा किती भाग खरा कामी येतो ते) 0.9 च्या वर, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा 100 पैकी आकडा) किमान 80. साड्यांच्या दुकानाला सीआरआय 90 हवाच, नाहीतर गिऱ्हाईक रंग बघायला साडी घेऊन दाराशी जातं. ‘50,000 तास’ या आकड्यावर भुलू नका; त्याआधी बहुधा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, जातो. तो वेगळा बदलता येतो का, हे विचारा.

उजेडाचा रंग 4000 केल्विन, म्हणजे ना पिवळट ना निळसर पांढरा.

सगळी ऑर्डर देण्याआधी दोन नग मागवून लावून बघा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ठळक काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा लुकलुकतोय, परत करा.

खिडकीकडच्या ओळीला वेगळा स्विच, स्वच्छतागृहात सेन्सर.

काढलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो. त्या फोडू नका, भंगारवाल्याला देऊ नका. अधिकृत ई-कचरा केंद्रात पाठवा.