बेळगावहून रेल्वेने काश्मीरच्या बर्फात: दिल्लीच्या धुक्यातला सांधा कसा सांभाळावा

डिसेंबर-जानेवारीत काश्मीरचा बर्फ बघायला निघालेल्या बेळगावकरांची गाडी बर्फात क्वचितच अडकते. ती अडकते आग्र्याच्या आसपास, धुक्यात. आणि पैसे बुडतात ते दिल्लीत, कारण कटऱ्याची (जम्मूच्या पुढचे स्टेशन, तिथून श्रीनगरची गाडी मिळते) गाडी तोवर निघून गेलेली असते. कपडे काय घ्यावेत, हॉटेल कुठले धरावे हे सांगणारे शंभर जण भेटतील. दिल्लीतला गाडीबदल कसा सांभाळायचा हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे भर त्याच्यावर आहे.

उशीर का होतो

गोवा एक्सप्रेस (१२७७९) वास्कोहून दुपारी निघते. लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे, भुसावळ, भोपाळ, झाशी, आग्रा असे करत ती तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर दिल्लीतल्या हजरत निजामुद्दीन स्टेशनला पोचते. म्हणजे झाशी ते दिल्ली हा सुमारे ४०० किलोमीटरचा टप्पा ती रात्री आणि पहाटे कापते. उत्तरेतले धुके मध्यरात्रीनंतर दाट होत जाते आणि बऱ्याचदा सकाळी नऊ-दहापर्यंत हटत नाही. आपल्या गाडीच्या वाट्याला नेमके तेच तास येतात.

दाट धुक्यात चालकाला सिग्नल दिसत नाही. त्यासाठी सिग्नलच्या २७० मीटर अलीकडे रुळावर दोन फटाके बांधायची पद्धत आहे, एकमेकांपासून १० मीटरवर. चाकाखाली पाठोपाठ दोन बार झाले की चालक ओळखतो, सिग्नल आला. आता इंजिनात जीपीएसवर चालणारे फॉग पास यंत्रही असते. पुढचा सिग्नल किंवा फाटक किती अंतरावर आहे ते यंत्र चालकाला सांगते. त्यामुळे धुक्यातली वेगमर्यादा ताशी ६० वरून ७५ किलोमीटर झाली. मात्र ही वरची मर्यादा आहे, सरासरी त्याच्या कितीतरी खाली पडते. आग्रा ते निजामुद्दीन अंतर १९० किलोमीटरच्या आसपास. एरवी तीन तासांच्या आत होणारा हा प्रवास सरासरी ३५ ची पडली तर साडेपाच तासांचा होतो.

त्यात एकदा वेळ चुकलेल्या गाडीला वाट मिळत नाही. वेळेवर धावणाऱ्या गाड्या पुढे काढण्यासाठी तिला एखाद्या छोट्या स्टेशनच्या लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी करतात. दोन तासांचा उशीर पाच तासांवर जातो तो असा.

तिकीट काढताना

आरक्षण ६० दिवस आधी उघडते. जाण्याचे आणि येण्याचे, प्रत्येक तिकीट त्या त्या तारखेचे आरक्षण उघडेल त्याच दिवशी काढा.

दिल्लीत किती वेळ ठेवायचा? "गाडी सकाळीच पोचते, दुपारची धरू" असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. वेळापत्रकाप्रमाणे कमीत कमी १२ तासांचे अंतर हवे. नवी दिल्लीहून संध्याकाळी सुटणारी श्री शक्ती एक्सप्रेस धरली तर साधारण तेवढे मिळते. बरोबर म्हातारी माणसे किंवा लहान मुले असतील तर सरळ दुसऱ्या दिवसाची गाडी घ्या आणि एक रात्र दिल्लीत काढा. मोठ्या स्टेशनांवरच्या विश्रांतीगृहातली खोली पीएनआर क्रमांकावर आयआरसीटीसीवरूनच मिळते.

आता सगळ्यात महत्त्वाचे: बेळगाव-दिल्ली आणि दिल्ली-कटरा ही दोन्ही तिकिटे एकमेकांना जोडून घ्या. १ एप्रिल २०१९ पासून ही सोय आहे, तरी बहुतेक लोक दोन सुटी तिकिटे काढून मोकळे होतात. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे पुढची गाडी चुकली, तर जोडलेल्या तिकिटावर पुढच्या प्रवासाचे पैसे रद्द करण्याचा आकार न कापता परत मिळतात. तिकिटे जोडलेली नसतील तर गाडी चुकली ही तुमची चूक धरली जाते, मग धुके कितीही असो.

आधी बेळगाव ते निजामुद्दीनचे तिकीट काढा. मग आयआरसीटीसीच्या खात्यात काढलेल्या तिकिटांच्या यादीत जा, त्या तिकिटाखालचा जोडप्रवासाचा पर्याय घ्या आणि तिथूनच कटऱ्याचे तिकीट काढा. प्रवाशांची नावे, वय, सगळा तपशील दोन्हीकडे अक्षरशः सारखा हवा. एका तिकिटावर "सुनील" आणि दुसऱ्यावर "सुनिल" असेल तर जोडणी होत नाही. पहिल्या तिकिटावर चौघे आणि दुसऱ्यावर पाच जण, हेही चालत नाही. उतरायचे आणि चढायचे स्टेशन एकच असावे, किंवा एकाच शहरातल्या रेल्वेने ठरवून दिलेल्या गटातले असावे. जोडणी झाली की ते तिकिटावर दिसते. दिसत नसेल तर झालेली नाही असेच धरा, "होईल नंतर" म्हणून सोडू नका. खिडकीवर तिकीट काढत असाल तर तिकडेच बाबूंना सांगून जोडून घ्या.

गाडी चुकलीच, तर पहिली गाडी निजामुद्दीनला प्रत्यक्ष पोचल्यापासून ३ तासांच्या आत दावा करायचा: ई-तिकिटाचा टीडीआर (पैसे परत मागण्याचा अर्ज) ऑनलाइन भरायचा, खिडकीचे तिकीट खिडकीवर द्यायचे. या ३ तासांत लोक आधी चहा पितात, मग टॅक्सी शोधतात, मग हॉटेलवर जाऊन अंघोळ करतात आणि मुदत घालवतात. फलाटावर उतरल्या उतरल्या, सामानाशेजारी उभे राहूनच टीडीआर भरा.

आणि नीट लक्षात घ्या: जोडणीने फक्त पैसे परत मिळतात. पुढच्या गाडीत जागा देण्याची जबाबदारी रेल्वे घेत नाही, ती जागा तुम्हीच शोधायची. म्हणून जोडणी केली तरी ते १२ तासांचे अंतर कमी करू नका.

वाटेत गाडीची खबर

गाडी कुठे आहे ते दाखवणारे रेल्वेचे एनटीईएस ॲप किंवा १३९ हा क्रमांक पुरेसा आहे. पण ॲपमधली "पोचण्याची अंदाजे वेळ" धुक्यात भाबडी असते, कारण गाडी पुढे नेहमीच्या वेगाने जाईल असे ती धरून चालते. भोपाळपर्यंत गाडी वेळेवर असणे हे काहीच सांगत नाही. झाशी, ग्वाल्हेर, आग्रा या तीन ठिकाणचा उशीर कागदावर लिहा. ४० मिनिटे, दीड तास, पावणेतीन तास असा वाढत गेला तर दिल्लीपर्यंत तो तसाच वाढणार, ॲप काही म्हणो. आग्र्याला ८ तासांच्या वर गेला की पुढच्या पर्यायाच्या मागे लागा.

जेवण एका वेळचे जास्त घ्या. दशम्या, शेंगांची चटणी आणि भडंग तिसऱ्या दिवशीही चांगले राहतात, आणि शेवटच्या सकाळी उभ्या गाडीत तेच उपयोगी पडतात. स्लीपरमध्ये अंथरूण-पांघरूण मिळत नाही. तिथे घरचे घोंगडे नव्या जाकिटापेक्षा कामाचे.

गाडी रद्द झाली, उशिरा सुटणार असेल तर

इथे चुकीचे सल्ले सर्वांत जास्त मिळतात.

गाडी रेल्वेने रद्द केली असेल तर ई-तिकीट स्वतःहून रद्द करू नका. पूर्ण पैसे आपोआप खात्यात येतात, टीडीआरही लागत नाही. खिडकीचे तिकीट मात्र ठरल्या सुटण्याच्या वेळेपासून ३ दिवसांत कुठल्याही आरक्षण खिडकीवर द्यावे लागते. "बेळगावला गेल्यावर बघू" म्हणालात तर दोन रात्रींचा प्रवास संपेपर्यंत ती मुदतही संपत येते. जिथे आहात तिथेच द्या.

गाडी तुमच्या चढण्याच्या स्टेशनवर ३ तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास करणार नसाल, तर पूर्ण पैसे मिळतात, तत्काळचेसुद्धा. अट एकच: गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर भरलेला हवा. तिकीट नेहमीसारखे "रद्द" केले की आकार कापला जातो. गाडीत बसून उशिरा पोचलात म्हणून भरपाई मिळते, हे सांगणाऱ्याला नियम माहीत नाही.

कटऱ्याच्या पुढे, खरा बर्फ

जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावते. दिल्लीची गाडी कटऱ्यालाच संपते, तिथे उतरून, सुरक्षा तपासणी करून दुसऱ्या गाडीत बसायचे. तपासणीला वेळ लागतो, तास-दीड तास हाताशी ठेवा. वाटेत चिनाबचा ३५९ मीटर उंचीचा पूल लागतो आणि बनिहालनंतर ११ किलोमीटरहून लांब पीर पंजाल बोगदा. अलीकडे करडा डोंगर आणि पाऊस, पलीकडे काझीगुंडला छपरांवर, कुंपणांवर पांढरा थर, हे जानेवारीत नेहमीचे दृश्य.

या गाडीच्या पुढच्या काचेला आणि पाण्याच्या नळ्यांना गरम ठेवायची व्यवस्था आहे, त्यामुळे गाडी थंडीने सहसा बंद पडत नाही. अडचण रुळांवर येते: गाडी रूळ बदलते त्या सांध्यात बर्फ गोठतो, बर्फाच्या भाराने फांद्या तारांवर पडतात. रात्रभर हिमवृष्टी झाली असेल तर सकाळची पहिली फेरी मार्ग साफ होईपर्यंत थांबते. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरातला सर्वांत कडक थंडीचा काळ, तेव्हा हे धरूनच चाला.

जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद झाला आणि विमाने रद्द झाली की सगळी गर्दी रेल्वेवर येते. परतीचे तिकीट आधी काढायला सांगितले ते याचसाठी. टॅक्सीवाला "मी काढतो घाटातून" म्हणाला तरी जाऊ नका. श्रीनगर सोडल्यापासून गोवा एक्सप्रेसमध्ये बसेपर्यंत एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. परतीला धुके पंजाब-हरियाणातही लागते, आणि दिल्लीला येणारा डबेसंच उशिरा आला की गोवा एक्सप्रेससुद्धा उशिरा सोडतात. निजामुद्दीनला जाण्याआधी सुटण्याची वेळ बदलली आहे का ते पाहा.

राहता राहिला फोन. कर्नाटकातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. ऐन बर्फात गाडी रद्द झाली, ओटीपी आला नाही आणि टीडीआरची वेळ टळली, हे प्रीपेडवाल्यांच्या बाबतीत दरवर्षी होते. निघण्याच्या आठवडाभर आधी घरातल्या एकाचे तरी सिम पोस्टपेड करून घ्या आणि आयआरसीटीसीचे खाते त्याच नंबरवर ठेवा. ते जमत नसेल तर बेळगावात घरी राहणाऱ्या मुलाच्या किंवा भावाच्या खात्यावरून तिकिटे काढा. त्याला गाड्यांचे क्रमांक, दोन्ही पीएनआर आणि टीडीआर कधी भरायचा हे कागदावर लिहून द्या.