कंद मे महिन्यात लावू नका: डेलिया लावताना होणाऱ्या चुका

दर वर्षी एप्रिल संपत आला की मला कुणी ना कुणी फोटो पाठवतं. जाळीच्या पिशवीत वाळकी रताळी भरावीत तसे डेलिया या फुलझाडाचे कंद, आणि खाली प्रश्न: 'आत्ता लावू ना?'

नका लावू. ज्या व्हिडिओंमध्ये मे महिन्यात कंद लावताना दाखवतात ते इंग्लंड-अमेरिकेतले असतात. तिथे हिवाळ्यात गोठवणारी थंडी, म्हणून ती सरल्यावर लागवड. आपण तोच महिना धरला तर कंदाला आधी वैशाखाचं ऊन सोसावं लागतं आणि मग चार महिने पाऊस. पहिल्या वर्षी मी हेच केलं. जुलैत नऊ कुंड्या उकरल्या, त्यातल्या सातांत नुसता वास उरला होता.

डेलिया मूळचा मेक्सिकोचा. मेक्सिको सिटी आपल्या मुंबईइतक्याच, साधारण १९ अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे वाटतं की हे उष्ण देशातलं झाड आपल्याकडे मजेत येईल. पण ते शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवर आहे आणि डेलियाच्या रानटी जाती तशाच डोंगराळ भागातल्या. पुणं आहे जेमतेम साडेपाचशे मीटरवर. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा, ही त्याची आवडती जोडी आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जमते. म्हणून देशावर कंद लावायचे ते हस्ताचा पाऊस ओसरत आल्यावर, सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. डिसेंबरच्या मध्यापासून फुलं सुरू होतात. २६ जानेवारीच्या सुमाराला पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं, तेव्हा घरची कुंडीही रंगात असते.

उशीर करणं हीसुद्धा चूकच. दिवाळीचा फराळ संपवून निवांत लावणारे बरेच असतात. दिवस लहान झाला की डेलिया वाढ सोडून कळ्या धरायला आणि कंद भरायला लागतो. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांच्या आसपास असतो. नोव्हेंबरअखेरीला लावलेलं कटिंग (कोंब कापून केलेलं रोप) वीतभर उंचीवरच कळी धरून बसतं, मग कितीही खत घाला.

मुंबई, कोकण आणि गोव्यात रात्री दमट आणि उबदार असतात. तिथे ताटाएवढ्या फुलांच्या जातींचा हट्ट सोडून लहान गेंदेदार किंवा बुटक्या जाती लावाव्यात. आणि पाकिटावर निळ्याशार डेलियाचा फोटो असेल तर ते पाकीट जागेवर ठेवून द्यावं. निळा डेलिया जगात कुठेच नाही.

कंद म्हणजे बटाटा नव्हे

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. बटाट्याच्या अंगावर कुठेही डोळा असतो, त्यामुळे फोडी करून लावला तरी चालतो. डेलियाचा कंद म्हणजे फुगलेलं मूळ. त्याच्या अंगाला डोळा नसतो. डोळे असतात ते जुन्या खोडाच्या बुडाशी, जिथे सगळे कंद एकत्र जोडलेले असतात. त्या बुडाचा तुकडा ज्या कंदाला नाही, तो कितीही गुबगुबीत असला तरी फुटणार नाही. गंमत म्हणजे तो सडतही नाही. मातीत महिनोन्‌महिने टणक राहतो, बारीक मुळंही सोडतो, आणि आपण रोज कौतुकाने कुंडीत डोकावत राहतो.

घेताना म्हणूनच मान तपासावी. कंद आणि बूड यांना जोडणारा बारीक भाग मोडलेला किंवा लोंबता असेल तर तो कंद गेला. एका रोपवाटिकेतून मी एकदा सहा कंद आणले होते, त्यातल्या चारांच्या माना मोडलेल्या. चूक माझीच, पिशवी उघडून पाहिली नव्हती.

डोळे ओळखू येत नसतील तर गड्डा, म्हणजे बुडाशी जोडलेल्या कंदांचा झुबका, वेगळा करण्याची घाई करू नये. दमट कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) सावलीत आठ-दहा दिवस ठेवला की गुलाबी किंवा हिरवे ठिपके वर येतात. मग धारदार सुरीने, प्रत्येक तुकड्याला निदान एक डोळा येईल असा कापावा. कापलेल्या जागी राख किंवा गंधकाची पावडर चोळून एक दिवस सुकू द्यावं. ओल्या जखमेचा कंद सरळ मातीत गेला की बुरशीला आमंत्रणच.

पाणी घालण्याची सवय

आपल्याला रिकाम्या कुंडीला पाणी घातल्याशिवाय चैन पडत नाही. पण कोंब नाही, पानं नाहीत, तर ते पाणी पिणार कोण? मिश्रण इतकंच ओलं असावं की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण थेंब गळू नये. त्यात कंद आडवा, डोळा वर करून, तीन-चार बोटं खोल ठेवावा आणि कोंब दिसेपर्यंत हात आवरावा. दोन ते चार आठवडे लागतात. ऑक्टोबरच्या उन्हात वरची माती कोरडी दिसते तेव्हा आधी बोट खुपसून पाहावं. खाली ओल असतेच. नुसती काळी माती कुंडीत भरू नये, वाळू आणि शेणखत मिसळून निचरा होईल अशी करावी. कुंडीखालची ताटली काढून टाकावी.

कटिंग का मरतं

एका कंदापासून चार-पाच रोपं हवी असतील तर कटिंगच करावं लागतं. त्यासाठी ऑगस्टअखेरीला, पावसाचं पाणी पडणार नाही अशा जागी, कंद कोकोपीटमध्ये जागे करायचे. कोंब चार बोटं वाढला की कापायचा.

पहिली चूक म्हणजे जून झालेली फांदी घेणं. डेलियाचं खोड वाढलं की आतून पोकळ होतं आणि पोकळ कटिंग मुळं धरण्याआधीच कुजतं. कापल्यावर आत नळी दिसली तर ते टाकून द्यावं. फूल येऊन गेलेल्या फांद्या आणून 'लावून बघते' म्हणणाऱ्या एक काकू आमच्या सोसायटीत आहेत. त्यांना दर वर्षी हे सांगते आणि त्या दर वर्षी आणतात.

दुसरी चूक कोंब मुळापासून उपटण्याची. बुडाशी थोडा भाग ठेवून कापला तर तिथून आणखी कोंब येतात. कटिंगची खालची पानं काढून, ती जिथे खोडाला जोडलेली होती ती गाठ मिश्रणात पुरायला हवी. गाठ पुरली नाही तर मुळं येतील, फूलही येईल, पण पुढच्या वर्षी फुटणारा डोळा मिळेलच असं नाही. आत्ता दिसत नाही म्हणून ही चूक हमखास होते.

लावायला वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं घ्यावं, खत अजिबात नको. वर प्लॅस्टिकच्या बाटलीचा अर्धा भाग उपडा ठेवला की आत दमटपणा टिकतो. मात्र बाटली उन्हात ठेवली तर तासाभरात आतली पानं शिजतात. पंधरा ते वीस दिवसांत मुळं येतात. तोवर रोज उपटून पाहायचं नाही. हलकंसं ओढल्यावर रोप हाताला अडलं की झालं.

पुढची काळजी

काठी लागवडीच्या वेळीच रोवावी. झाड कलंडल्यावर रोवली तर ती नेमकी कंदात घुसते. तीन-चार पानांच्या जोड्या झाल्या की शेंडा खुडावा. जीव होत नाही हे मान्य, पण न खुडलेलं झाड काठीसारखं उंच जातं आणि फुलं मोजकीच देतं. डेलिया शेवंतीच्याच कुळातला, त्यामुळे शेवंती करणाऱ्यांना पुढचं ठाऊक असेल: मोठं फूल हवं तर शेंड्यावरच्या तीन कळ्यांपैकी मधली ठेवून बाजूच्या दोन काढाव्यात. युरिया टाळलेला बरा. त्याने पानं लसलशीत होतात, फुलं कमी येतात आणि कंद पोचट राहून साठवणीत सडतात.

सुकलेलं फूल म्हणून बरेच जण चांगली कळी तोडतात. पाकळ्या गळलेलं फूल मिटतं तेव्हा कळीसारखंच दिसतं. कळी गोल आणि घट्ट असते, मिटलेलं फूल टोकदार आणि दाबल्यावर मऊ लागतं.

भुरी आणि मावा निभावता येतात. पानांच्या शिरांलगत पिवळे पट्टे आणि झाड खुरटलेलं, असं दिसलं तर मात्र तो बहुधा मोझॅक विषाणू. त्याला औषध नाही. मावा तो पसरवतो आणि त्या झाडाच्या कटिंगमधूनही तो पुढे जातो. जात कितीही लाडकी असली तरी झाड कंदासकट कचऱ्यात टाकावं आणि सुरी स्पिरिटने पुसावी.

मार्चमध्ये पानं पिवळी पडली की पाणी हळूहळू बंद करावं. मार्च ते ऑगस्ट कंद सांभाळणं हाच आपल्याकडचा खरा कस, कारण एप्रिल-मेत ते सुरकुततात आणि पावसाळ्यात त्यांना बुरशी लागते. फ्लॅटमध्ये राहत असाल तर कंद न काढता कुंडीच आडवी करून सावलीत, पाऊस लागणार नाही अशी ठेवा. काढायचेच असतील तर धुऊन, सावलीत सुकवून, कोरड्या वाळूत थर लावून ठेवा आणि महिन्यातून एकदा चाचपून बघा. सुरकुतला असेल तर वाळूवर पाण्याचा हलका शिपका मारा, मऊ लागला तर तेवढाच भाग कापून काढा. जातीचं आणि रंगाचं नाव पट्टीवर पेन्सिलने लिहा. मार्करची शाई मे महिन्यातच उडून जाते.