लिंकनवर बोलताय, लिहिताय? मग या चुका टाळा

वक्तृत्व स्पर्धेत, शिक्षक दिनाच्या भाषणात, स्पर्धा परीक्षेच्या क्लासमधल्या पहिल्या तासाला आणि सकाळच्या व्हॉट्सअॅप संदेशांत अब्राहम लिंकन हमखास भेटतात. जन्मभर हरलेला, एक दिवस अचानक राष्ट्राध्यक्ष झालेला आणि मुलाच्या मास्तरांना सुंदर पत्र लिहिणारा एक सोशिक माणूस, असं त्यांचं चित्र आपल्याकडे रुजलं आहे. खरे लिंकन हाडाचे राजकारणी होते. मतांचे हिशेब मांडणारे, पक्ष बांधणारे, वेळ पाहून पाऊल टाकणारे आणि मूळ मुद्दा मात्र न सोडणारे. गोष्ट प्रेरणादायी करण्याच्या नादात नेमकं हे राजकारणच गळतं. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथे आहे.

हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र लिंकन यांच्या नावावर खपवणं

महाराष्ट्रात लिंकन यांची ओळख ज्या पत्रामुळे घरोघरी पोचली, ते पत्र त्यांनी लिहिल्याचा कुठलाही पुरावा नाही. मूळ कागद नाही, तारीख नाही, ज्या मास्तरांना लिहिलं त्यांचं नाव नाही. लिंकन यांच्या संकलित पत्रव्यवहारातही ते सापडत नाही.

घरची परिस्थिती पाहिली तरी शंका यायला हवी. लिंकन राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा थोरला रॉबर्ट १७ वर्षांचा होता आणि हार्वर्डमध्ये शिकत होता. दुसरा मुलगा एडी १८५० मध्येच वारला होता. धाकटे विली आणि टॅड यांना व्हाइट हाउसमध्ये घरीच शिकवणी होती. मग राष्ट्राध्यक्षांनी पहिल्या दिवशी शाळेत पाठवलेला तो मुलगा कोणता?

मराठीतलं पत्र वाचायला सुरेख आहे, यात वाद नाही. कार्यक्रमात म्हणायचंच असेल तर ‘लिंकन यांच्या नावाने प्रसिद्ध असलेलं’ एवढे शब्द आधी जोडा. पण विद्यार्थ्यांसमोर ठेवायला लिंकन यांचं एक अस्सल पत्र उपलब्ध आहे आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. रॉबर्टचा मित्र जॉर्ज लॅथम हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला. लिंकन तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते, देशभरातून पत्रांचा ओघ सुरू होता. तरी २२ जुलै १८६० रोजी स्प्रिंगफिल्डहून त्यांनी या पोराला पत्र लिहिलं. त्याचा आशय असा: ही बातमी कळल्यावर झालं तेवढं दुःख मला आयुष्यात क्वचितच झालं असेल, पण निराशेला मनात घर करू दिलं नाहीस, तर यात फारसं काही बिघडलेलं नाही. तू हार्वर्डला जाऊ शकतोस, पदवीही घेऊ शकतोस. एकदा प्रयत्न केलास, आता यश मिळवायलाच हवं. स्वतःच्या मुलाने आदल्या वर्षी त्याच परीक्षेत सपाटून मार खाल्ला होता, हे लक्षात ठेवून हे पत्र वाचा.

अपयशांची यादी

धंद्यात बुडाले, निवडणूक हरले, पुन्हा धंद्यात बुडाले, प्रेयसी वारली, मग १८४३, १८४८, १८५५, १८५६, १८५८ असे पराभवामागून पराभव आणि शेवटी १८६० मध्ये राष्ट्राध्यक्ष. ही यादी खोटी आहे असं सरळ म्हणता येत नाही, कारण तिच्यातल्या काही नोंदी खऱ्या आहेत. लबाडी आहे ती वगळलेल्या नोंदींत.

१८३२ मध्ये इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक लिंकन हरले, हे खरं. तेव्हा ते २३ वर्षांचे होते आणि त्या भागात येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. १३ उमेदवारांत त्यांचा आठवा क्रमांक लागला. पण जिथे लोक त्यांना ओळखत होते, त्या न्यू सेलममध्ये ३०० पैकी २७७ मतं त्यांना पडली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, ते निवडून आले. त्यानंतर १८३६, १८३८ आणि १८४० मध्येही. सलग चार वेळा! १८३६ मध्ये वकिलीची सनद मिळाली, १८४६ मध्ये ते अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले. यादीत यातलं एकही वर्ष नसतं.

आता ‘पराभव’ म्हणून सांगितली जाणारी वर्षं बघू. १८४३ मध्ये त्यांना पक्षाची उमेदवारी मिळाली नाही; मतदारांपुढे ते गेलेच नव्हते. १८४८ मध्ये ते उभेच राहिले नाहीत, कारण जागा आळीपाळीने वाटून घ्यायची असा त्यांच्या व्हिग पक्षातल्या स्थानिक नेत्यांचा समझोता होता. १८५६ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात उपराष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांचं नाव पुढे आलं आणि ११० मतं मिळाली. त्यांनी ते पद मागितलंही नव्हतं. राज्याबाहेर फारशी ओळख नसलेल्या नेत्याला एवढी मतं पडणं ही चढती कमान होती.

१८५५ चा प्रसंग तर खास सांगण्यासारखा आहे. सिनेटच्या जागेसाठी राज्याच्या विधिमंडळात झालेल्या मतदानात पहिल्या फेरीत लिंकन आघाडीवर होते. पुढच्या फेऱ्यांत मतं घसरू लागली आणि गुलामगिरीच्या नव्या प्रदेशांतल्या विस्ताराबद्दल मिळमिळीत भूमिका असलेला उमेदवार निवडून येण्याची चिन्हं दिसू लागली. तेव्हा लिंकन यांनी आपली मतं लायमन ट्रंबुल यांच्याकडे वळवली. ट्रंबुल यांच्यामागे सुरुवातीला पाचच मतं होती, पण ते विस्ताराच्या ठाम विरोधात होते. ते निवडून आले. याला अपयश म्हणून मोकळं होणं म्हणजे लिंकन यांचं राजकारण समजून न घेणं.

स्वतः लिंकन यांनी डिसेंबर १८५९ मध्ये लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तात १८३२ च्या पराभवाबद्दल नोंदवलं आहे की लोकांनी मला हरवलं ते तेवढंच एकदा. हे एक वाक्य सगळ्या यादीला पुरून उरतं.

कष्टाचीच गोष्ट सांगायची असेल तर दुकानाची सांगा. न्यू सेलममध्ये विल्यम बेरीसोबत टाकलेलं किराणा दुकान बुडालं, १८३५ मध्ये बेरी वारला आणि सुमारे ११०० डॉलरचं कर्ज लिंकन यांच्या गळ्यात पडलं. त्या काळच्या मानाने ही रक्कम मोठी; ते तिला गमतीने ‘राष्ट्रीय कर्ज’ म्हणत. घोडा आणि जमीन मोजणीची साधनं लिलावात निघाली, तेव्हा जेम्स शॉर्ट नावाच्या शेजाऱ्याने ती विकत घेऊन त्यांना परत दिली. कर्ज फेडायला कित्येक वर्षं लागली, पण त्यांनी ते फेडलं. पुढे वकिलीच्या सुमारे पंचवीस वर्षांत त्यांनी आणि त्यांच्या भागीदारांनी पाच हजारांहून जास्त प्रकरणं हाताळली. राष्ट्राध्यक्ष होण्याआधीचे लिंकन राज्यातले नावाजलेले वकील होते.

सिनेटची निवडणूक आणि दोन डग्लस

१८५८ मध्ये ‘जनतेने लिंकन यांना नाकारलं’ असं लिहू नका. त्या काळी सिनेटर राज्याच्या विधिमंडळातले सदस्य निवडत, आपल्याकडे राज्यसभेचे खासदार आमदार निवडतात तसे. थेट मतदानाची घटनादुरुस्ती १९१३ ची. १८५८ मध्ये लिंकन यांच्या पक्षाच्या उमेदवारांना राज्यात एकूण मतं जास्त पडली होती, पण विधिमंडळात स्टीफन डग्लस ५४ विरुद्ध ४६ मतांनी जिंकले.

हे स्टीफन डग्लस म्हणजे लिंकन यांच्याशी सात जाहीर वादविवाद करणारे डेमोक्रॅट नेते. गुलामगिरीतून निसटून आलेले थोर कृष्णवर्णीय वक्ते आणि संपादक फ्रेडरिक डग्लस वेगळे. देवनागरीत दोन्ही आडनावं सारखीच दिसतात, त्यामुळे निबंधांत आणि प्रश्नमंजूषांत हा घोळ सतत होतो. प्रत्येक वेळी पूर्ण नाव लिहा.

जाता जाता चित्रांचं: या वादविवादांच्या चित्रात लिंकन यांना दाढी दाखवली असेल तर ते चित्र चुकीचं. दाढी त्यांनी १८६० च्या शेवटी वाढवली. ग्रेस बेडेल या ११ वर्षांच्या मुलीने ऑक्टोबरमध्ये पत्र लिहून तसा सल्ला दिला होता आणि लिंकन यांनी तिला उत्तरही पाठवलं होतं.

‘विरोधकांत फूट पडली म्हणून जिंकले’

१८६० मध्ये चार उमेदवार होते आणि लिंकन यांना ४० टक्क्यांपेक्षा किंचित कमी मतं मिळाली. त्यावरून हा निष्कर्ष काढला जातो. पण तिथे राज्यवार निर्वाचक मतं, म्हणजे प्रत्येक राज्याच्या वाट्याची ठरावीक मतं, मोजतात. ३०३ पैकी १८० त्यांना मिळाली, गरज १५२ ची होती. तिन्ही विरोधकांची मतं प्रत्येक राज्यात एकत्र धरली, तरी लिंकन १६९ वर राहतात. उत्तरेकडच्या बहुतेक राज्यांत त्यांना निर्विवाद बहुमत होतं, आणि दक्षिणेतल्या दहा राज्यांत तर त्यांच्या नावाच्या मतपत्रिकाच नव्हत्या.

गुलामगिरी: दोन टोकांच्या दोन चुका

पहिली चूक जुनी आहे: ‘लिंकन यांनी एका सहीने सगळे गुलाम मुक्त केले.’ १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा संघराज्यातून फुटून युद्धाला उभ्या राहिलेल्या दक्षिणेतल्या बंडखोर प्रदेशांनाच लागू होता. केंटकी, मिसुरी, मेरीलँड आणि डेलावेअर ही गुलामगिरी असलेली पण संघराज्यात राहिलेली राज्यं त्यातून वगळली होती. सेनापती या नात्याने, युद्धातला उपाय म्हणून त्यांनी तो काढला. गुलाम ही कायद्याने मालमत्ता मानली जाई, आणि शांततेच्या काळात ती रद्द करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नव्हता. देशभर गुलामगिरी संपली ती तेराव्या घटनादुरुस्तीने. प्रतिनिधीगृहात ती ३१ जानेवारी १८६५ रोजी ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली. त्यासाठी लिंकन यांनी एकेका मतासाठी पाठपुरावा केला. डिसेंबर १८६५ मध्ये ती अमलात आली, तेव्हा ते हयात नव्हते.

दुसरी चूक अलीकडची आहे आणि ती हुशारीच्या आवेशात केली जाते: ‘लिंकन यांना गुलामांशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना फक्त देश एक ठेवायचा होता.’ पुरावा म्हणून संपादक होरेस ग्रीली यांना २२ ऑगस्ट १८६२ रोजी लिहिलेलं पत्र दाखवतात. एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर मी तसं करीन, असं त्यात खरोखरच आहे. पण शेवटची ओळ कापलेली असते. सगळीकडची सगळी माणसं स्वतंत्र असावीत या माझ्या वैयक्तिक इच्छेत बदल नाही, असं ते शेवटी म्हणतात. शिवाय हे पत्र लिहिण्याच्या महिनाभर आधी, २२ जुलैला, जाहीरनाम्याचा मसुदा त्यांनी मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. रणांगणावर विजय मिळाल्यावरच तो जाहीर करावा, असा परराष्ट्रमंत्री सीवर्ड यांचा सल्ला मानून त्यांनी तो बाजूला ठेवला. १७ सप्टेंबरला अँटिटमच्या लढाईने ती संधी दिली आणि पाचच दिवसांनी पहिला जाहीरनामा निघाला. ग्रीलींना लिहिलेलं पत्र म्हणजे जनमत तयार करण्याची खेळी होती.

नववर्षाच्या दिवशी अंतिम मसुद्यावर सही करायची वेळ आली, तेव्हा सकाळपासून शेकडो पाहुण्यांशी हस्तांदोलन करून त्यांचा हात बधिर झाला होता. हात थरथरला तर पुढची माणसं म्हणतील, हा कचरला होता. असं म्हणत त्यांनी सावकाश, पूर्ण नावाने सही केली.

त्यांच्या मर्यादा मात्र झाकू नका. १८५८ च्या चार्ल्सटनमधल्या वादविवादात, आपण गोऱ्या आणि काळ्या लोकांच्या सामाजिक-राजकीय समतेच्या बाजूचे नाही, असं ते जाहीरपणे बोलले होते. ११ एप्रिल १८६५ च्या शेवटच्या भाषणात मात्र त्यांनी काही कृष्णवर्णीयांना, विशेषतः सैनिकांना, मताधिकार द्यावा असं म्हटलं. श्रोत्यांत उभा असलेला जॉन विल्क्स बूथ, लिंकन यांचा पुढचा मारेकरी, ते ऐकून पेटला. हा सात वर्षांचा प्रवास दाखवा, त्यात सगळं येतं. फ्रेडरिक डग्लस यांनी १८७६ च्या भाषणात याचा ताळेबंद मांडला: गुलामगिरीविरोधी चळवळीच्या नजरेने लिंकन संथ आणि थंड वाटतात, देशाच्या त्या वेळच्या भावनेच्या मापाने पाहिलं तर तेच झपाट्याचे आणि निर्धाराचे ठरतात.

आपल्याकडचा दुवा जोडायचा तर महात्मा फुल्यांचा जोडा. १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. एका राष्ट्राध्यक्षाऐवजी त्यांनी जनतेला मान दिला. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक त्या युद्धात लढले, हे पाहिलं की ती अर्पणपत्रिका किती नेमकी होती ते कळतं. दुसरा दुवा कापसाचा. युद्धामुळे दक्षिणेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, मुंबईतून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला, तो पैसा समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये गेला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच बाजार कोसळला.

गेटिसबर्ग आणि बाकीचं

लोकशाहीची व्याख्या सांगण्यासाठी लिंकन यांनी भाषण केलं नव्हतं. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्ग इथे सैनिकांच्या दफनभूमीचं समर्पण होतं. मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले, लिंकन यांचे शब्द सुमारे २७० होते. आगगाडीत पाकिटाच्या पाठीवर ते खरडलं, ही दंतकथा. उपलब्ध मसुद्याचं पहिलं पान व्हाइट हाउसच्या छापील कागदावर आहे. तयारी वॉशिंग्टनमध्येच सुरू झाली होती.

मृत्यू फोर्ड नाट्यगृहात झाला असं लिहू नका. गोळी तिथे लागली, १४ एप्रिल १८६५ च्या रात्री. प्राण गेले ते समोरच्या पीटरसन यांच्या घरात, १५ तारखेला सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी. आणि लिंकन व राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्यातल्या योगायोगांचा संदेश पुढे पाठवणं बंद करा. लिंकन यांच्या चिटणिसाचं नाव केनेडी नव्हतं. त्यांच्या चिटणिसांची नावं जॉन निकोले आणि जॉन हे (Hay).

भाषण आधीच तयार असेल तर

सगळं फाडायची गरज नाही. अपयशांच्या यादीत १८३४, १८३६ आणि १८४६ ही वर्षं घाला, १८४८ काढा, १८५५ समोर ट्रंबुल यांचं नाव लिहा. ‘सगळे गुलाम मुक्त केले’ याच्या जागी जाहीरनामा आणि घटनादुरुस्ती अशी दोन वाक्यं करा. अवतरणांसाठी मिशिगन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लिंकन यांच्या लेखनाचं १९५३ चं संकलन मोफत शोधता येतं. वाक्य इंग्रजीत घ्या, त्यातले दोन-तीन ठळक शब्द टाका. तारीख आणि ठिकाण मिळालं तर निर्धास्त वापरा. सहीच्या प्रसंगासारखी वाक्यं जवळच्या माणसांच्या आठवणींतून आलेली आहेत, तिथे तसं सांगा. आणि काहीच हाती लागलं नाही, तर वाक्य कितीही आवडलं तरी त्याखाली लिंकन यांचं नाव टाकू नका.