रानडुकरासाठी हँडगन आणि सुरी घेताना या चुका टाळा

टेक्सासात येऊन मला सोळा वर्षं झाली. त्यातली अकरा वर्षं मी डुकरांच्या मागे रानात जातो. दर हिवाळ्यात आपल्या मराठी मंडळींपैकी कुणीतरी नवी हँडगन आणि नवी सुरी घेऊन हौसेने येतं, आणि त्याच त्या चुका पुन्हा होतात. वाईट याचं वाटतं की त्या चुका माणूस करतो आणि भोगतं जनावर.

आधी कागदपत्रं, कारण इथे चुकलात तर पुढचं वाचायची गरजच नाही. सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासात खासगी जमिनीवर, मालकाची परवानगी असेल तर, रानडुक्कर मारायला शिकारीचं लायसन्स लागत नाही. हे ऐकून एच-वन-बीवरची मुलं निर्धास्त होतात. पण नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला (एच-वन-बी त्यातलाच) बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायलाच फेडरल कायद्याने बंदी आहे, आणि त्यातून सुटायची नेहमीची वाट म्हणजे चालू असलेलं शिकारीचं लायसन्स. डुकरासाठी न लागणारा कागद तुम्हाला हातातल्या हत्यारासाठी लागतो. टेक्सासचं वर्षाचं लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं. नवं काढलं नाही, तर दुसऱ्या दिवसापासून कपाटात पडून असलेलं पिस्तूलही गुन्ह्यात बसू शकतं. दुकानदार विकताना लायसन्स बघतो. पुढच्या वर्षी आठवण करायला कुणी येत नाही. मी सगळ्यांना सांगतो, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात फोनवर गजर लावा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

आता हँडगन. "घरात ९ एमएम पिस्तूल आहेच, तेच नेतो," हे वाक्य मला ऐकवत नाही.

चार वर्षांपूर्वी गोन्झालेस काउंटीत, ग्वादालूपे नदीकाठच्या एका रँचवर आम्ही बसलो होतो. बरोबर एक तरुण मुलगा होता, पहिलीच खेप. माझं रिव्हॉल्व्हर वापर म्हणून मी त्याला दोनदा सांगितलं. त्याला स्वतःचंच पिस्तूल वापरायचं होतं आणि मी गप्प बसलो. दिवस मावळताना दोनशे पौंडांचा एक नर फीडरखालच्या (आमिषाचे दाणे टाकणाऱ्या पिंपाखालच्या) मक्यावर आला. अंतर जेमतेम वीस यार्ड. मुलाने दोन गोळ्या झाडल्या, दोन्ही लागल्याचा आवाज आला. डुक्कर एकदा घुरघुरलं आणि मेस्कीटच्या झुडपांत शिरलं. आम्ही बॅटरीच्या उजेडात तीन तास शोधत होतो. थोडं रक्त दिसलं, मग तेही दिसेना. सकाळी नऊला मालकाचा फोन आला, ओढ्याकाठी पडलंय, अजून जिवंत आहे. मी जाऊन ते संपवलं.

सोलताना पहिली गोळी सापडली. खांद्यावरच्या कातडीखाली ती फुलासारखी उमलून अडकली होती. तांब्याच्या पाकळ्यांत डुकराचा राठ केस पिळून बसला होता. दुसरी मागे पोटात गेली होती. काळजाला धक्काही नव्हता. ती गोळी मी त्या मुलाच्या तळहातावर ठेवली. तो बराच वेळ काही बोलला नाही.

या एका प्रसंगात दोन चुका आहेत. पहिली गोळीची. स्वसंरक्षणाची हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेली, गोळी माणसासाठी बनवलेली असते. शरीरात फुलून आत थांबावी, आरपार जाऊन मागच्याला लागू नये, हे तिचं काम. एफबीआयच्या कसोटीत ती शरीराऐवजी वापरलेल्या जिलेटीनमध्ये १२ ते १८ इंच जावी लागते. जाणत्या नराच्या खांद्यावर मात्र इंचभर, कधी त्याहून जाड, घट्ट रबरासारखा थर असतो. नर एकमेकांशी झुंजतात तेव्हा सुळ्यांपासून तोच त्यांना वाचवतो. इथले लोक त्याला शील्ड म्हणतात, आणि शब्द अगदी बरोबर आहे. या ढालीतून जायला जड, कडक ओतलेली, चपट्या तोंडाची शिशाची गोळी लागते. माझी पसंती ४४ मॅग्नम, २४० ग्रेन (ग्रेन म्हणजे गोळीचं वजन). सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूलच हवं असेल तर १० एमएम घ्या, २०० ग्रेन हार्ड कास्ट, म्हणजे तीच कडक ओतलेली गोळी. ३५७ मॅग्नमही चालतं, पण १८० ग्रेनच्या खाली जाऊ नका.

दुसरी चूक नेमाची. आपल्या डोळ्यांत हरणाचं चित्र असतं: खांद्याच्या मागे, अंगाच्या मधोमध. डुकराचं काळीज त्याहून खाली आणि पुढे असतं, जवळजवळ पुढच्या पायांच्या मध्ये. आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत वर या आणि अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात थांबा. मी तर ते थोडं पाठमोरं वळेपर्यंत वाट बघतो, म्हणजे गोळी ढालीच्या मागून शिरून काळजाकडे जाते. वाट बघता येत नसेल त्याने हँडगनच्या शिकारीत पडू नये, रायफल घ्यावी. त्यात काही कमीपणा नाही.

याच्या उलटी चूकही तितकीच होते. व्हिडिओ बघून पहिल्याच खेपेला ४५४ कसूल किंवा ५०० मॅग्नमसारखं याहून दांडगं रिव्हॉल्व्हर घ्यायचं, दोन पेट्या झाडायच्या आणि कायमचा दचका, म्हणजे धक्क्याच्या भीतीने आधीच हात झटकायची सवय, लावून घ्यायचा. दचका आहे की नाही ते असं बघा: सिलिंडर मित्राला भरायला सांगा, मध्ये दोन रिकामी टरफलं ठेवायला सांगा. रिकाम्यावर घोडा पडला आणि नळी खाली झुकली, तर दोष तुमच्या हातात आहे, बंदुकीत नाही. ४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ४४ स्पेशल चालतं, धक्का निम्म्याहून कमी. वर्षभर त्याने सराव करा, शेवटी थोड्या मॅग्नम. मी सहा इंचांची कागदी ताटली लावतो. ज्या अंतरावरून सहाच्या सहा ताटलीत बसतात, तेवढंच माझं अंतर. उघड्या साइटने ते आजही पस्तीस यार्ड आहे.

दोन इंची नळी शिकारीला नको. कानाला संरक्षण नसेल तर मॅग्नम झाडूच नका. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

सुरीकडे वळतो, कारण तिथे लोक पैसे जास्त उधळतात. कस्टम सुरी म्हटलं की नवख्यांना दहा इंची बोवी, म्हणजे मोठ्या पात्याची सुरी, हवी असते, पात्यावर दमास्कसची (थरांच्या पोलादाची) नक्षी आणि मूठ आरशासारखी. पण आपण डुक्कर सोलायला चाललोय. हरणाचं कातडं बरंचसं ओढून निघतं. डुकराचं चरबीला चिकटलेलं असतं, इंच इंच कापावं लागतं. केसांत चिखल आणि वाळू वाळून बसलेली असते, तिच्यावर कुठलीही धार दहा मिनिटांत बोथट होते. म्हणून पहिली चीर द्यायची आणि तिथून पुढे धार वर करून आतून बाहेर कापत जायचं. त्याला साडेतीन-चार इंचांचं ड्रॉप पॉइंट, म्हणजे पाठ टोकाकडे हळूच उतरणारं, पातं पुरतं. अमेरिकन सुरी-कारागीर बॉब लव्हलेसने हा आकार शिकारी सुरीत रुजवला. तो वापरल्यावर मला दुसरा आकार घ्यावासा वाटला नाही.

मुठीचं मात्र मनावर घ्या. माझ्या एका मित्राच्या सुरीला गुळगुळीत रेझिनची मूठ होती, पात्यावर हात घसरू न देणारा गार्ड नव्हता. अर्धं डुक्कर सोलून झालं होतं, हात चरबीने माखलेले. टोक हाडाला अडलं आणि हात सरळ पात्यावर घसरला. दोन बोटं, अकरा टाके, आणि जवळची इमर्जन्सी चाळीस मैलांवर. मी गाडी चालवत होतो आणि शेजारी तो टॉवेल दाबून बसला होता. करंगळीजवळचं बोट अजून पूर्ण मिटत नाही. खरखरीत मायकार्टा किंवा जी-१० (कापडाचे किंवा काचतंतूंचे थर रेझिनमध्ये दाबून केलेली मूठ), आणि तर्जनीपुढे छोटा का होईना गार्ड, एवढं कारागिराला आधीच सांगा. कस्टमचा अर्थच तो: तुमच्या हाताच्या मापाची, तुमच्या कामाची.

कारागिराला पोलाद कुठलं हे सगळेच विचारतात. मी विचारतो, पाणी कुणी दिलं (तापवून कडक कुणी केलं) आणि कडकपणा रॉकवेलच्या मापावर किती भरतो. ५८ ते ६० मला बरं. दमास्कसला माझा विरोध नाही, पण साठ डॉलरच्या दमास्कसमध्ये कुठलं पोलाद आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. पाती घडवणाऱ्यांच्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेत एकच पातं टांगलेला इंचभर जाड दोर एका फटक्यात कापतं, दोन बाय चार इंची लाकडी दांडा दोनदा तोडतं, त्यानंतर हातावरचे केस काढतं आणि शेवटी न मोडता नव्वद अंशांत वाकतं. शिकारीच्या सुरीला एवढं लागत नाही, पण ज्याने ते एकदा करून दाखवलंय त्याच्याकडे मी डोळे मिटून पैसे देतो. सुरी मिळायला वर्ष लागलं तरी चालेल. घाई असणाऱ्यांनी कारखान्याची साधी सुरी घ्यावी, ती उत्तम काम देते.

कार्बन स्टील असेल तर रक्त लगेच पुसून तेलाचा हात फिरवा आणि चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नका, महिन्यात गंज धरतो.

कुत्र्यांनी धरलेलं डुक्कर सुरीने मारण्याची पद्धत इथे आहे. नवख्याने त्यात पडू नये, एवढंच सांगतो.

हातमोजे मात्र दर वेळी, कोपरापर्यंतचे. डुकरांत ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा आजार असतो आणि तो बोटावरच्या बारीक चिरेतूनही माणसाला होतो. मांस आतपर्यंत १६० अंश फॅरनहाइटला शिजलं पाहिजे. गरम हवेत ते झटकन बिघडतं, म्हणून बर्फाची पेटी मी निघतानाच भरून गाडीत टाकतो.