तवा जास्त तापला की पाण्याचा थेंब जास्त टिकतो, घरीच बघा

तवा जेवढा गरम तेवढा थेंब लवकर उडून जाणार, असंच कोणीही म्हणेल ना? पण एका हद्दीपुढे उलटं होतं. थाप वाटते, पण खरंय, आणि घावन-आंबोळ्या होतात त्या घरात हे नेहमी घडतं, फक्त घड्याळ लावून कोणी बसत नाही.

बिडाचा किंवा लोखंडी तवा घ्या, मधे जरा खोलगट असला तर बेस्ट, थेंब पळून बर्नरवर पडत नाही. नॉनस्टिक अजिबात नको, एवढा तापवला तर कोटिंगची वाट लागते. तेलाचा अंशही नको, नाहीतर तडतडून अंगावर येईल. तवा कोरडा पुसून मध्यम गॅसवर ठेवा आणि लहान मुलांना ओट्यापासून लांब.

मग दर अर्ध्या मिनिटाने चमच्याने एकच थेंब मधोमध सोडायचा आणि मोबाइलवर सेकंद मोजायचे. आधी थेंब नुसता पसरून बसतो, मग बुडबुडे येतात, मग चर्र करून एक-दोन सेकंदात गायब. इथेच थांबू नका! तवा साधारण 200 अंश सेल्सियसच्या आसपास गेला की चर्र बंद, थेंब पाऱ्यासारखा गोल होतो आणि इकडून तिकडे सुळसुळ पळत सुटतो, जरा मोठा असेल तर अर्धा मिनिटसुद्धा टिकतो. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा मला वाटलं स्टॉपवॉचच चुकलं.

होतं काय, तर थेंबाच्या तळाची लगेच वाफ होते आणि थेंब त्या वाफेवरच तरंगतो, मधली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, आणि वाफेतून उष्णता फार हळू जाते म्हणून वरचं पाणी वाचतं. योहान लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने 1756 साली तापून लाल झालेल्या लोखंडी चमच्यात थेंब सोडून याबद्दल लिहिलं, आजही हा परिणाम त्याच्याच नावाने ओळखतात.

आता एक मोठा थेंब नाचत असतानाच गॅस बंद करा आणि नजर हटवू नका. तवा निवत आला की थेंब अचानक खाली टेकतो आणि चर्रकन संपतो. थेंब नाचतोय तोवर पीठ घातलंत तर ते पसरण्याआधीच आळून गोळा होतं, आता मात्र तेलात बुडवलेला अर्धा कांदा फिरवा आणि घाला घावन.