कामगंध सापळा धुऱ्यावर नको, वावरात लावा

कपाशी 45 दिवसांची झाली की गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे लावायचे. पाहणीसाठी एकरी दोन पुरेत. बरेच जण लावतातही, पण कुठे? गाडीवाटेच्या धुऱ्यावर, बाभळीच्या खुंटाला, जाता-येता दिसेल असा.

सापळ्यात मादी पतंगाच्या वासाची गोळी असते, तिला लुअर म्हणतात. तिचा वास वाऱ्यासोबत वाहतो आणि नर पतंग वाऱ्याला तोंड देत त्याच्या मागावर येतो. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पश्चिमेचा. सापळा पूर्वेच्या धुऱ्यावर असला तर वास शेजाऱ्याच्या वावरात जातो, अन् पतंगही त्याच्याच वावरातून येतात. मोजता तुम्ही, पीक त्याचं! जुन्या पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या झाडांच्या) गंजीजवळचा सापळाही असाच फसवतो, कारण तिथे पतंग जास्तच सापडणार. म्हणून धुऱ्यापासून चांगलं आत, दोन सापळ्यांत 50 मीटर अंतर ठेवून लावा.

उंचीकडे तर कुणी बघतच नाही. सापळा पिकाच्या शेंड्याहून फूटभर वर हवा. लावताना गुडघ्याएवढी असलेली कपाशी पोळ्यानंतर कमरेला लागते, सापळा मात्र तिथेच राहतो. पानांत बुडाला की वास बाहेर पसरत नाही, मग पतंग कमी आणि शेतकरी निर्धास्त. खिळा ठोकू नका, सुतळीने बांधा. दर आठ दिवसांनी गाठ वर सरकवता येते.

खर्रा घोटलेल्या हाताने लुअर धरू नका. तीन आठवड्यांनी ती बदला, तारीख झाकणावर लिहा. जुनी लुअर वावरात टाकू नका, पतंग तिच्याकडेही ओढले जातात.

रोज सकाळी पतंग मोजून सापळ्याखालची पिशवी रिकामी करा. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ किंवा जास्त पतंग आले की फवारणीचा विचार करायचा. त्याआधी डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्याने नीट न उमललेली फुलं, शोधा, वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडं फोडून बघा. दोनांत अळी निघाली तर फवारणीला थांबू नका. एक ध्यानात असू द्या, सापळ्यात फक्त नर येतात. मादी अंडी घालतच असते.

गेल्या हंगामात माझ्या एका सापळ्यात चार दिवस शून्य. मी खूश! पाचव्या दिवशी पाहिलं तर पिशवीची खालची गाठच सुटलेली.