कापडी पिशवी नेऊनही प्लॅस्टिक घरात येतेच? या चुका टाळा

महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी घातली आणि त्याच वर्षी २३ जूनपासून दंडाची कारवाई सुरू झाली. पहिल्या वेळी ५,०००, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद असूनही पुण्यात कोणत्याही चौकातल्या हातगाडीवर संध्याकाळी पातळ पिशवी मागावी लागत नाही, ती न मागताच मिळते. दंडाचा धाक पथक येते त्या दिवसापुरता असतो. रोजच्या व्यवहारात फरक पडतो तो दोन गोष्टींनी: पिशवीची किंमत गिऱ्हाइकाला वेगळी दिसली पाहिजे आणि घरची पिशवी खरेदीच्या क्षणी हाताशी असली पाहिजे. दुकानदारांचे, सोसायट्यांचे आणि घराघरांतले बहुतेक प्रयत्न फसतात ते यांपैकी एका ठिकाणी.

पैसे घेतले की पिशवी चालते, हा समज

काही दुकानांत पातळ पिशवीचे दोन रुपये घेतात आणि गिऱ्हाइकालाही वाटते की पैसे मोजले म्हणजे व्यवहार रीतसर झाला. तसे नाही. बंदीतली पिशवी विकत दिली तरी ती बंदीतलीच राहते. आपल्याकडे शुल्क लावायचे ते कापडी किंवा कागदी पिशवीवर, आणि तेही आधी सांगून. बिल करताना अचानक पिशवीची रक्कम जोडणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये म्हटले आहे. त्यामुळे ‘पिशवीचे वेगळे पैसे पडतील’ ही पाटी गल्ल्यापाशी नव्हे, तर दारातच लावावी. गिऱ्हाईक गल्ल्यापाशी पोहोचते तेव्हा त्याचे हात सामानाने भरलेले असतात आणि गाडीतली पिशवी आणायला परत जाण्याची वेळ टळून गेलेली असते.

शुल्काऐवजी सवलत देणे

स्वतःची पिशवी आणणाऱ्याला एक रुपया सूट देणे दुकानदाराला सोपे आणि सभ्य वाटते, पण त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या परिसरात दुकानांतून झालेल्या अभ्यासात पाच सेंटांचे शुल्क लावल्यावर दुकानाची पिशवी घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले, तर तेवढीच सूट दिल्यावर त्यात फारसा फरक पडला नाही. मिळालेला रुपया माणूस विसरतो, गेलेला रुपया मात्र त्याला सलतो.

शुल्क सलण्याइतके मोठेही हवे. आयर्लंडने मार्च २००२ मध्ये प्रत्येक पिशवीवर १५ सेंट लावले आणि वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला; पुढे लोकांना त्या रकमेची सवय होऊन वापर हळूहळू वाढू लागला, तेव्हा २००७ मध्ये ती २२ सेंट करण्यात आली. दक्षिण आफ्रिकेत २००३ मध्ये सुरुवातीला असाच परिणाम दिसला, पण लवकरच पिशवीची किंमत कमी झाली आणि वापर पुन्हा वाढला. दोन हजारांच्या खरेदीत तीन रुपयांची पिशवी कोणाच्या ध्यानातही येत नाही, हे पुण्यातल्या मोठ्या दुकानांनी लक्षात घ्यायला हवे.

कापडासारखी दिसते म्हणून कापड समजणे

मिठाईच्या आणि कपड्यांच्या दुकानांतून मिळणारी रंगीत, किंचित खरखरीत, शिवणीऐवजी दाबून चिकटवलेली पिशवी बहुतेकांना कापडी वाटते. ती पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. उजेडाकडे धरल्यावर तिच्यात उभे-आडवे धागे दिसत नाहीत, तर ठिपक्यांची नक्षी दिसते. खात्री करायची असल्यास तिचा नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून मोकळ्या जागी काडी लावावी. सुती कापड जळून त्याची राख होते आणि जळक्या कागदासारखा वास येतो. ही पिशवी मात्र वितळून आकसते आणि टोकाला कडक मणी उरतो. प्रति चौरस मीटर ६० ग्रॅमपेक्षा हलक्या अशा पिशव्यांना केंद्राच्या नियमांनुसार ३० सप्टेंबर २०२१ पासून परवानगी नाही. जाड असतील त्या फेकून न देता फाटेपर्यंत वापराव्यात, मात्र नव्याने घेऊ नयेत.

‘कंपोस्टेबल’ छापलेल्या पिशवीबाबतही अशीच फसगत होते. तिला कुजायला औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातली उष्णता लागते. सोसायटीच्या खतखड्ड्यात भाजीच्या देठांचे खत झाले तरी ती पिशवी तशीच सापडते, आणि मग खत चाळणाऱ्याला ती हाताने वेचून काढावी लागते.

मोठी पिशवी नेली, पण आतल्या पिशव्यांचे काय?

सर्वांत मोठी गफलत इथेच होते. मंडईत निघालेल्या माणसाच्या खांद्यावर दणकट कापडी पिशवी असते आणि घरी आल्यावर तिच्यातून मिरची, आले, मटार, गवार आणि मोड आलेली मटकी यांच्या पाच वेगवेगळ्या पातळ पिशव्या निघतात. सामान वाहून नेण्याची सोय झालेली असते, पण भाजी वेगळी ठेवण्याची झालेली नसते, आणि भाजीच्या खरेदीत प्लॅस्टिक येते ते मुख्यतः या दुसऱ्या कारणाने.

त्यासाठी जुन्या सुती ओढणीच्या किंवा धोतराच्या वीतभर रुंदीच्या नाडीच्या पिशव्या शिवून मोठ्या पिशवीतच ठेवाव्यात. विक्रेत्याने तराजूत भाजी टाकण्याआधीच ‘पिशवी नको, यात घाला’ असे म्हणावे, कारण अनेक जण पिशवी उघडूनच भाजी भरतात आणि एकदा भरलेली पिशवी परत घेताना कुरकुर होते. कांदे-बटाटे तळाशी, मग काकडी-दोडका आणि टोमॅटो-कोथिंबीर सर्वांत वर, या क्रमाने खरेदी केली तर निम्म्या भाज्यांना वेगळी पिशवी लागतच नाही. मासळी, चिकन किंवा पनीर घेताना झाकणाचा डबा न्यावा आणि रिकामा डबा काट्यावर ठेवून वजन शून्य करून घ्यावे. ही सोय जवळपास सर्व इलेक्ट्रॉनिक काट्यांवर असते, परंतु गिऱ्हाइकाने आठवण केल्याशिवाय ती क्वचितच वापरली जाते.

विक्रेत्याला दोष देऊन भागत नाही. त्याने पिशवी नाकारली तर गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जाते, ही त्याची खरी अडचण आहे. एका रांगेतल्या सर्वांनी एकाच दिवसापासून पिशवी बंद केली तरच त्यातल्या एकट्याचे नुकसान होत नाही.

नव्या पिशव्यांचा ढीग

लग्नातला आहेर, कंपन्यांच्या भेटी, लक्ष्मी रोडवरची खरेदी, अशा निमित्तांनी कापडी पिशव्या घरात येतच राहतात. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या अहवालानुसार, एकदाच वापरल्या जाणाऱ्या पातळ पिशवीच्या तुलनेत सुती पिशवी तापमानवाढीच्या हिशेबात फायद्याची ठरायला ती १३१ वेळा वापरली जावी लागते. कापसाला लागणारे पाणी आणि खते धरल्यास आकडा आणखी वाढतो. जुन्या साडीची किंवा चादरीची पिशवी या हिशेबातून बरीचशी सुटते, कारण ते कापड आधीच तयार झालेले असते. घरात पिशव्या असताना केवळ पर्यावरणस्नेही म्हणून आणखी एक विकत घेणे म्हणजे निव्वळ हौस.

पिशव्या गेल्या, काळे रोल आले

कॅलिफोर्नियात पिशव्यांवर बंदी आल्यावर लहान कचरा-पिशव्यांची विक्री दुपटीहून अधिक वाढली, कारण लोक जुन्या पिशव्या कचऱ्यासाठी वापरत होते. आपल्याकडेही तेच घडते. ओला कचरा बादलीत थेट टाकून, तळाशी वर्तमानपत्र घातले तर पिशवीची गरज उरत नाही. घरोघरी येणारे, पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे कचरावेचक बादली ओतून घेतात, आणि त्यांनाही पिशव्या फोडत बसावे लागत नाही.

सोसायटीची पिशवी-पेटी रिकामी का होते?

‘पिशवी घ्या, परत ठेवा’ असे लिहिलेली फुकट पेटी काही आठवड्यांत रिकामी होते, कारण परत आणण्याचे काही कारणच नसते. त्याऐवजी शिलाईच्या खर्चाएवढी, समजा ३० रुपये, अनामत ठेवून ती पिशवी परत केल्यावर द्यावी. पेटी वॉचमनच्या केबिनमध्ये न ठेवता फाटकाशी येणाऱ्या भाजीवाल्याच्या गाडीजवळ ठेवावी आणि हिशेब एकाच माणसाकडे असावा. पिशव्या बचत गटाकडून शिवून घेताना हातात धरायचे बंद फक्त काठाला न जोडता चार बोटे खाली आणून तिथे चौकोन आणि त्यात फुली असे टाके घालायला सांगावे. पाच किलो कांद्यांच्या ओझ्याने पिशवी बहुतेक वेळा फाटते ती याच जोडापाशी.